वाऱ्यावरचं बोलणं

"आपापली गाडी चालवायची नाही," आप्पांनी न्याहारीच्या टेबलावर जाहीर केलं. "एकमेकांची चालवायची. टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं आणि परत यायचं. मी शेजारी बसेन."

धाकट्याच्या हातातला पाव तोंडाशी थांबला. "म्हणजे मी बाईसाहेबांना नेऊ?"

"हो. आणि ही तुझ्या जावयाला नेईल."

थोरलीनं कप खाली ठेवला आणि नुसती मान हलवली. आतून तिला गुदगुल्या होत होत्या. भावाला ती चांगली ओळखून होती. बाईसाहेब त्याच्या हाताला कधी लागल्या नव्हत्या. जावयाला तीही अजून शिवली नव्हती, पण गाडीला बिचकण्याचा तिचा स्वभावच नव्हता.

बाईसाहेब म्हणजे घरातली टपाची गाडी. आप्पांना ती लग्नाआधी एका गोदामामागे गवतात रुतलेली सापडली होती. त्यांनी ती ओढून आणली आणि मित्र, सिनेमे, झोप सगळ्यावर पाणी सोडून उभी केली. लांब नाक, गोल दिवे, लाकडी डॅशबोर्ड, दुमडून मागे टाकायचा कापडी टप आणि पाठीमागे दोन माणसं अंग चोरून बसतील एवढं बाक. जावई म्हणजे धाकट्यानं गेल्या वर्षी आणलेली राखाडी स्पोर्ट्स कार. दोनच माणसांची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी. थोरलीनं लग्न केलं नव्हतं, त्यामुळे घराला मिळालेला हा एकुलता एक जावई, आणि त्याचे लाडही तसेच. त्याला उंचीच पेट्रोल लागे, खड्डा दिसला की तो नाक मुरडे आणि रुसला तर समजूत काढायला कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन यावा लागे.

भांडणाला सुरुवात झाली ती याच टेबलावर. आप्पांच्या उजव्या हाताला कंप सुटला होता आणि गॅरेज आता कुणाच्या तरी हवाली करायला हवं, हे त्यांनीच बोलून दाखवलं होतं. "एका गॅरेजला दोन डोकी नकोत," हेही तेच म्हणाले होते. धाकट्याला जुन्या गाड्यांचं काम बंद करून पुढे काच लावायची होती, नव्या लिफ्ट बसवायच्या होत्या आणि फक्त आजच्या वेगवान गाड्या घ्यायच्या होत्या. थोरलीला जुन्या गाड्यांचंच काम वाढवायचं होतं. लांबलांबून लोक गंजलेले सांगाडे घेऊन तिच्याकडे येत आणि गाडी चालवत घरी जात. बोलता बोलता धाकटा म्हणून गेला, की बाईसाहेब ही आठवण आहे, गाडी नाही. थोरली म्हणाली, तुझीही गाडी नाहीच, तो चाकं लावलेला फोन आहे. तिथून घरात दोन तट पडले. आप्पांचा बोलण्यावर फारसा विश्वास नव्हता. माणूस कसा आहे ते त्याच्या गाडी चालवण्यावरून कळतं असं ते मानत, म्हणून त्यांनी ही परीक्षा काढली. निकाल जेवणाआधी लागणार होता.

थोरली कप विसळायला आत गेली तर आई तिच्या मागोमाग आलीच. आईला एखादी गोष्ट गळ्यात मारायची असली की ती आधी ओटा पुसायला घेई. आज ओटा लखलखीत होता, तरी ती पुसत राहिली.

"तू जरा सबुरीनं घे," आई म्हणाली.

"मी अजून काही घेतलंच नाहीये."

"चेष्टा नको. त्याच्या बायकोला परगावच्या मोठ्या इस्पितळात बोलावलंय, ठाऊक आहे ना? गॅरेज मिळालं नाही तर तो तिच्याबरोबर जाईल. मग आला तर आला वर्षातून एकदा, पाहुण्यासारखा."

"मग मी काय करू? गाडी खड्ड्यात घालू?"

"हळू चालव. घाबरल्यासारखी चालव. नवी गाडी आहे, कुणाला काही वाटणार नाही." आईनं फडकं पिळलं. "काम तर तूच करणार आहेस, बाई. नाव त्याचं असलं तर तुझं काय जातं?"

थोरलीला राग आला. आईचा जीव धाकट्यात अडकलेला आहे हे तिला लहानपणापासून माहीत होतं आणि ते तिनं कधी फार मनावर घेतलं नव्हतं. पण हे निराळं होतं. "काम मी करणार असेन तर सहीपण मीच करते," ती म्हणाली. "मी हळू चालवणार नाही, आई. तू आत्ताच मनाची तयारी कर."

आईनं तिच्याकडे पाठ केली. थोरलीला वाईट वाटलं, पण शब्द मागे घ्यावासा वाटला नाही.

अंगणात ती बाईसाहेबांचा टप खाली घ्यायला लागली, तेव्हा दुसऱ्या बाजूनं आपसूक दोन हात आले. धाकट्याची बायको. ती भूल देणारी डॉक्टर होती, म्हणून घरात तिला डॉक्टरीणबाई म्हणत. दुसऱ्यांना झोपवणं हे तिचं काम असलं तरी ती स्वतः अखंड जागी असे, आणि घरात कुणाचं काय चाललंय ते तिच्या नजरेतून सुटत नसे.

"ताई, हरू नका हं," ती कापडाची घडी घालता घालता म्हणाली.

थोरलीनं चमकून पाहिलं. "तू नवऱ्याच्या बाजूनं नको का?"

"त्याच्याच बाजूनं आहे. त्याला गॅरेज नकोय, त्याला फक्त तुमच्यापुढे हरायचं नाहीये. या दोन्हींत फरक आहे हे त्याला कळत नाही. एकदा गॅरेज गळ्यात पडलं की जन्मभर कुढत बसेल, आणि तो कुढायला लागला की माझ्यासमोरच बसतो." तिनं पट्टा ओढून घट्ट केला. "इस्पितळाच्या गावी गाड्यांची शर्यत लावणारी एक कंपनी आहे. त्यांना चालवून बघणारा माणूस हवाय. त्यानं चौकशीही केली होती. घरी सांगितलं नाही एवढंच."

"मग तू सांग."

"मी सांगितलं तर सुनेनं मुलगा पळवला असं होईल. तुम्ही जिंकलात तर आपोआप होईल." ती हसली. "मी काही बोलले नाही. तुम्ही काही ऐकलं नाही."

अशा रीतीनं घरातले तट सकाळी नऊच्या आत पालटले होते, आणि ज्याच्यासाठी पालटले तो धाकटा तिकडे आरशात बघून गॉगल लावत होता.

पहिली फेरी बाईसाहेबांची. धाकटा चालवायला, शेजारी आप्पा, मागच्या बाकावर आई आणि थोरली. गाव सोडलं, दगडाच्या खाणीचा रस्ता मागे पडला आणि टेकडीची वळणं सुरू झाली, तसा वारा कानांत भणाणू लागला.

या गाडीत या घरानं आयुष्य काढलं होतं, आणि त्यामुळे घरात एक रीत पडून गेली होती. टप खाली असला की पुढचं मागे आणि मागचं पुढे ऐकू येत नसे. सांगायचं असेल तर ओरडावं लागे. ओरडायचं नसेल तर पुटपुटावं, ते ज्याचं त्याच्यापाशी राही. त्याला घरात वाऱ्यावरचं बोलणं म्हणत, आणि वाऱ्यावरचं बोलणं घरात आणायचं नाही असा अलिखित कायदा होता. आईनं याच बाकावर बसून वर्षानुवर्षं सासर, नवरा, शेजारीपाजारी सगळ्यांचा उद्धार केला होता आणि गाडीतून उतरताना ती अगदी हलकी होऊन उतरे. आप्पाही पुढे बसले की पुटपुटत. चालवताना नाही, फक्त गॅरेजमधलं कुणी चालवत असलं आणि ते शेजारी बसले की. बाजूच्या आरशात त्यांचे ओठ हलताना थोरली लहानपणापासून बघत आली होती. तरुणपणी तिनंच त्यांना शेजारी बसवून ही गाडी शिकून घेतली, तेव्हाही ते ओठ असेच हलत होते. ते काय म्हणत असतील याचा तिनं पुष्कळ विचार केला होता. बहुतेक शिव्या असाव्यात, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

आजही आईचे ओठ हलत होते. थोरलीनं तिकडे बघायचं टाळलं, कारण विषय काय असणार ते सांगायला नको होतं.

धाकटा वाईट चालवणारा नव्हता. उलट त्याला वेगाची उपजत समज होती. पण जावयानं त्याची सवय बिघडवली होती. बाईसाहेबांना वळण आधी कळवावं लागतं. स्टिअरिंगला बोटभर सैलपणा आहे, तो आधी भरून काढायचा, मग गाडी हळूच मान वळवते. ब्रेक मागितल्याबरोबर मिळत नाही, आधी सांगून ठेवावा लागतो. धाकटा वळणावर पोचून मग वळवायला बघे, आणि गाडी आपली सरळच जाई. चढावर त्यानं गिअर खाली ओढला, मधे क्लच सोडून पेट्रोल द्यायचं विसरला, आणि गाडीच्या पोटातून असा आवाज आला की आईनं कानांवर हात ठेवले. थोरलीच्या दाढा दुखल्या. तो गिअरबॉक्स तिनं स्वतःच्या हातांनी बसवला होता.

तरीही टाकीपाशी पोचून गाडी वळवली आणि उतारावर उन्हात ती आपल्या लयीत धावायला लागली, तेव्हा धाकट्याच्या खांद्यांत फरक पडला. त्याचे हात सैल झाले. चाळीसचा वेगसुद्धा या गाडीत उडाल्यासारखा वाटतो. अंगाला वारा, डोक्यावर आभाळ, तापलेल्या चामड्याचा वास, खाली रस्त्याचा एकेक खडा कळतोय. धाकटा मोकळेपणी हसला आणि मागे वळून काहीतरी ओरडला. "मजा" एवढाच शब्द थोरलीला ऐकू आला. तिला त्याची एकदम माया आली. दोघं लहान होती तेव्हा याच बाकावर एकमेकांना चिमटे काढत बसायची, आणि हा आईला नाव सांगायच्या आत खदखदून हसून मोकळा व्हायचा.

आप्पांचे ओठ हलतच होते.

अंगणात उतरल्यावर आप्पा पाणी प्यायले, जावयाच्या दारापाशी गेले, वाकले, आणि आत बसण्याचा प्रकार बघून त्यांचा चेहरा कडू झाला. त्या गाडीत बसायचं म्हणजे खुर्चीत बसणं नव्हे, विहिरीत उतरणं होतं. आधी पाय, मग कंबर, मग डोकं, अशा हप्त्यांनी ते आत गेले. थोरली सरळ जाऊन बसली. दार लागलं तसा बाहेरचा आवाज विझल्यासारखा झाला. आईचं तोंड काचेपलीकडे हलताना दिसलं. हळू चालव, असंच असणार.

थोरलीनं बटण दाबलं. गाडी गुरगुरली, पण तो आवाज तिला पटेना. अर्धा इंजिनाचा आणि अर्धा स्पीकरमधून येणारा, हे तिच्या कानानं लगेच पकडलं. इतकी ताकद असून हिला खोटं ओरडायची काय गरज पडावी, असं तिच्या मनात आलं. गाव संपेपर्यंत ती गप्प चालवत राहिली. पहिल्या वळणाला तिनं सवयीनं आधीच ब्रेक लावला, आणि गाडी वळणाच्या कितीतरी अलीकडे जागच्या जागी उभी राहिली. आप्पा पट्ट्यात पुढे झुकून मागे आपटले.

"माफ करा," ती म्हणाली. "हिला आधी सांगायची गरज नसते."

दुसऱ्या वळणाला ती उशिरा गेली, पण हात अजून घाईत होता. गाडीनं चाचपडल्यासारखं केलं, मग स्वतःच सावरलं. थोरलीला ते आवडलं नाही. कुणी आपला हात धरून अक्षर गिरवून घेतंय असं तिला वाटलं. तिसऱ्या वळणाला तिनं स्टिअरिंगवरची पकड निम्मी केली. गाडीला जे स्वतः करायचं होतं ते करू दिलं, आणि उरलेलं तेवढं आपण केलं. आणि मग ते वळण असं गेलं, की तिला श्वास घ्यायचंच भान राहिलं नाही. पुढचंही तसंच. गिअरची पट्टी बोटानं ओढायची, की विचार पुरा व्हायच्या आत गिअर पडलेला असे. बाईसाहेब चाळीसला उडतात आणि हा जावई नव्वदला गालिच्यावरून चालत होता. तिला गाडी आवडली. आवडली हे तिला फारसं आवडलं नाही, पण खोटं कशाला बोला. धाकटा वेडा नव्हता. या गाडीत खरोखरच काहीतरी होतं. आपण हिला फोन म्हणालो ते चुकलं, असं ती परत गेल्यावर त्याला सांगणार होती.

टाकीला वळसा घालून ती उतारावर आली. हात बसला होता. गाडी आणि ती आता एकमेकींच्या मधे येत नव्हत्या. शेजारी आप्पांनी डोळे मिटले होते, मान मागे टेकवली होती, आणि त्यांचे ओठ हलायला लागले.

"चार वळणांत पकडली," आप्पा पुटपुटले.

थोरलीनं स्टिअरिंग घट्ट धरलं.

"कुठलीही गाडी द्या, चार वळणांत पकडते. हात आहे हिचा. या घरात हात आहे तो हिचाच. त्याला चालवता येते, हिला कळते." त्यांनी सुस्कारा सोडला. त्या लहानशा, बंद, मऊ गाडीत तो सुस्कारासुद्धा स्पष्ट ऐकू आला. "द्यायला हवं हिलाच. पण त्याला नाही दिलं तर तो जातो. ही काय, ही कुठे जातेय. ही आहेच."

रस्ता समोर होता तसाच होता. थोरलीनं पुढचं वळण घेतलं, त्याच्या पुढचंही घेतलं, हात आपलं काम करत राहिले. गाडीच्या शेजारच्या सीटवरून आप्पा काय म्हणत असतात हे आज तिला कळलं होतं. त्या शिव्या नव्हत्या. कदाचित त्या कधीच नव्हत्या. जे एक वाक्य ऐकायला ती शाळकरी वयापासून गॅरेजात ग्रीसमध्ये हात घालून उभी होती, ते तिला मिळालं होतं, आणि त्याच दमात तिच्या हातून काढूनही घेतलं होतं. तिचे डोळे भरून आले. मग तिला राग आला आणि डोळे कोरडे झाले.

खाणीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक रुंद जागा होती. तिथे तिनं गाडी घेतली आणि बंद केली.

आप्पांनी डोळे उघडले. "काय झालं? गरम झाली?"

"आप्पा, या गाडीत ऐकू येतं."

त्यांना क्षणभर अर्थच लागला नाही. मग त्यांनी वर पाहिलं, छताकडे, बंद काचांकडे, आणि त्यांचा चेहरा उतरला. इतकी वर्षं वाऱ्याच्या भरवशावर बोललेला माणूस होता तो.

"मी काही बोललो नाही," ते म्हणाले.

"सगळं बोललात. माझा हात आहे, द्यायला मलाच हवं, आणि मी कुठे जात नाही म्हणून धाकट्याला देणार."

"वाऱ्यावरचं बोलणं घरात आणायचं नसतं."

"वारा कुठाय इथे?"

आप्पांनी उजवा हात डाव्या हातात धरला. तो थरथरत होता. थोरलीनं तिकडे पाहिलं नाही, नाहीतर तिला पुढचं बोलता आलं नसतं.

"जुन्या गाड्यांच्या संग्रहालयवाल्यांनी मला दोनदा विचारलंय," ती म्हणाली. "राहायला जागा देतात, हाताखाली माणसं देतात. मी तुम्हाला सांगितलंही नाही, कारण मला जायचंच नव्हतं. पण या घरात जाणाऱ्याला मिळतं आणि राहणाऱ्याला गृहीत धरतात, हे मला माहीत नव्हतं. आता कळलं. मी जाते, आप्पा."

"जाऊ नको." ते इतक्या घाईनं म्हणाले की दोघंही दचकली. "बरं. तुलाच देतो. चल, घरी चल, तुलाच दिलं म्हणून सांगतो. झालं?"

तिला वाटलं होतं तसं काहीच वाटलं नाही. हवी ती वस्तू पुढ्यात होती, नुसता हात पुढे करायचा बाकी होता, आणि तिला एकदम शिसारी आली.

"नको," ती म्हणाली.

"आता काय?"

"धाकटा जाईल म्हणून त्याला देत होतात. आता मी जाईन म्हणून मला देताय. फक्त माणूस बदललात." ती त्यांच्याकडे वळली. "मी जाईन म्हणून देऊ नका. मला येतं म्हणून द्या. आणि ते सगळ्यांसमोर तोंडानं सांगा, ओठ हलवून नाही. ते जमत नसेल तर धाकट्याला द्या. मी रडणार नाही, भांडणार नाही. पण मग मी राहणारही नाही."

"आपल्याकडे तोंडावर कौतुक करत नाहीत," आप्पा म्हणाले. "माझ्या उस्तादांनी मला कधी बरं म्हटलं नाही. म्हणून माणूस तयार होतो."

"मी झालेय ना तयार? मग आता म्हणायला काय हरकत आहे?"

आप्पांनी मान वळवली. ते काचेबाहेर खाणीकडे बघत बसले. थोरलीनं गाडी सुरू केली. थेट घराकडे घेतली.

अंगणात तिघं वाट बघत उभी होती. गाडीतून वर येणं हे उतरण्याहून अवघड निघालं. धाकट्यानं हात दिला, आप्पांनी तो घेतला नाही, दाराला धरून स्वतःच कसेबसे उभे राहिले.

"उशीर का झाला?" आईनं विचारलं. "काही बिघडलं का?"

"गाडीचं काही नाही," थोरली म्हणाली. मग भावाकडे वळली. "तुझी गाडी फोन नाहीये. मी चुकले. उतारावर ती जे करते ते बाईसाहेबांच्या बापाला जमणार नाही."

मग धाकट्यालाही मोठेपणा दाखवणं भाग पडलं. "बाईसाहेब पण... म्हणजे, परत येताना मजा आली. ती नुसती आठवण नाही. गिअरबॉक्सबद्दल सॉरी, ताई."

"तो मी बघेन."

"आधी बसा सगळे," आई म्हणाली. "काय ते बसून बोलू." खुर्च्या आणण्याच्या निमित्तानं ती आप्पांच्या जवळ गेली आणि खालच्या आवाजात काहीतरी म्हणाली. आप्पांनी मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी, ते थोरलीला कळलं नाही. ती उभीच राहिली. तिच्या मनाशी सगळं पक्कं होतं. हो म्हणाले तरी ठीक, नाही म्हणाले तरी संग्रहालयवाल्यांचा फोन नंबर तिच्यापाशी होता. इतकं मोकळं तिला बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं.

"गॅरेज हिचं," आप्पा म्हणाले.

आईच्या हातातली खुर्ची जमिनीवर टेकली. "अहो, पण मघाशी तर—"

"मघाशी मी नुसती मान हलवली."

"आणि धाकट्याचं काय? तो जाईल ना."

"मी जाईन असं कोण म्हणालं?" धाकटा उसळला.

"मी म्हणाले," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाली. "आईंना मीच सांगितलं होतं, इस्पितळाचं. आणि त्या शर्यतवाल्यांचं तू अजून सांगितलं नाहीस, तर आता सांगून टाक. इतकं सोपं निमित्त परत मिळणार नाही."

धाकट्याचा चेहरा आधी लाल झाला, मग फिका, आणि मग त्याच्या खांद्यांत सकाळी उतारावर आला होता तसा सैलपणा आला. तो आईकडे बघून म्हणाला, "दर महिन्याला येईन. गाडी वेगवान आहे."

"वेगवान गाड्याच माणसं लांब नेतात," आई म्हणाली आणि खुर्चीत बसली. तिनं थोरलीकडे पाहिलं. नजर दुखावलेली होती. "तुझ्या हट्टापायी झालं हे."

"हट्ट नाही, आई," थोरली म्हणाली. तिला जाऊन आईच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला आणि तिनं ठेवला. आईनं तो झटकला नाही. "तो गेला तर मलाही करमणार नाही. पण त्याला ठेवून घ्यायला गॅरेज द्यायचं आणि मला गृहीत धरायचं, असं करून घर चालत नाही. मला हे काम येतं म्हणून मला हवंय. तेवढंच कारण आहे. आप्पांनाही तेवढंच सांगायचं होतं. हो ना, आप्पा?"

सगळ्यांनी आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी जमिनीकडे पाहिलं.

"हिला येतं," ते म्हणाले. "म्हणून हिचं."

हे घर चांगल्या कामाला 'बरं' म्हणायचं आणि उत्तम कामाला काहीच म्हणायचं नाही. धाकट्यानं गॉगल काढला. आईनंसुद्धा मान वर केली.

"पुन्हा एकदा म्हणा," थोरली म्हणाली. तिचा आवाज किंचित कापला, आणि तो कापला म्हणून तिला लाज वाटली नाही.

"ऐकलंस की."

"ऐकलं. तरी म्हणा."

आप्पांनी एक गोष्ट दोनदा सांगितल्याचं कुणाला आठवत नव्हतं. गॅरेजमधली माणसं त्यांचं पहिल्या वेळीच जिवाचा कान करून ऐकत, कारण दुसऱ्या वेळी नुसते डोळे वटारले जात. आप्पा थरथरता हात खिशात घालायला गेले, मग विचार बदलून तसाच बाहेर, सगळ्यांना दिसेल असा राहू दिला, आणि मान वर करून थेट तिच्याकडे बघत मोठ्यानं म्हणाले,

"हिला येतं. माझ्यापेक्षा जास्त येतं."